तस्करांच्या कॅम्पेनला फासे कुठले घ्यावेत?

फेरीबोट

मंडळी, आमचा फोंड्याचा कंपू बरीच वर्षं डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) पाचवी आवृत्ती खेळतोय. चालू कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चाललेली गोष्ट, या पावसाळ्यात आटोपलं. ड्रॅगन मेला, त्याच्यासोबत पॅलाडिनही (धर्मयोद्धा) मेला, आणि पॅलाडिन खेळणाऱ्याने पुढच्या वेळी जादूबिदू नको असं जाहीर करून टाकलं. चवथ झाली की नवीन सुरू करायचंय.

मी जमवलेलं जग असं: साल १९५५, भारताने गोव्याची नाकेबंदी केलीय. एका बाजूला पोर्तुगीज पोलीस, दुसऱ्या बाजूला भारताचे कस्टमवाले आणि मधे तेरेखोलची खाडी. आमचे चौघे तिथून रात्री होडी काढणार, घड्याळं पलीकडे पोचवणार. एक होडेकार, एक नाक्यावरचा कारकून, एक घड्याळजी आणि एक दशावतारातला नट (सोंग घेण्यात तरबेज, वेळ पाळण्यात शून्य).

अडलंय ते फाशांवर. डी२०वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात मिळवायला, होडेकाराला +७ दिला आणि कारकुनाला −१. खाडी ओलांडायला १५ लागतात असं धरा. होडेकाराला ८ किंवा वर हवेत, म्हणजे ६५ टक्के. कारकुनाला १६ किंवा वर, म्हणजे २५ टक्के. म्हणजे जन्म पाण्यावर काढलेला माणूस दर तीन रात्रींतून एकदा चुकणार आणि ज्याने वल्हं हातात धरलेलं नाही तो चारातून एकदा पार होणार. एकदा झालं तर टेबल हसतं. सारखं व्हायला लागलं की होडेकार खेळणाऱ्याचं तोंड उतरतं. चाचणी म्हणून एक सीन खेळून पाहिला, त्यात नेमकं हेच झालं.

डी२०च ठेवावा, कॉल ऑफ क्थुलूसारखे टक्के घ्यावेत, गर्प्ससारखे तीन सहाचे घ्यावेत, की ब्लेड्स इन द डार्कसारखे मूठभर टाकून सगळ्यात मोठा बघावा? पुस्तकात काय लिहिलंय ते माझ्याकडेही आहे. टेबलावर काय होतं ते सांगा.

देवचार

३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे. विषय संपला.

बरं, संपला नाही, कारण इथे कोणी तसं सोडत नाही. डी२० सपाट आहे. १ पडायची जेवढी शक्यता तेवढीच १० पडायची, प्रत्येकाला ५ टक्के. तीन सहाचे फासे टाकले की २१६ शक्यता होतात. त्यातल्या २७ मध्ये बेरीज १० येते, २७ मध्ये ११, आणि ३ यायला एकच वाट. बहुतेक वेळा माणूस आपल्या कुवतीइतकंच करतो, कधीमधी चमत्कार होतो. खऱ्या आयुष्यात होडी अशीच चालते.

तुझ्या होडेकाराची आणि कारकुनाची शर्यत लाव. दोघांनी फासे टाकायचे, होडेकाराला +५ जास्त. डी२०वर कारकून २६ टक्के वेळा सरळ जिंकतो. ३डी६वर १० टक्क्यांहूनही कमी. फरक तोच, +५. फक्त फासे वेगळे.

गर्प्स १९८६ पासून हेच करतंय आणि आमच्या डिचोलीच्या टेबलावर अजून कोणी तक्रार केलेली नाही. (तक्रार करणारे पुण्याला नोकरीला गेले, ती गोष्ट वेगळी.)

कोरी_पाटी

नवीन आहे, माफ करा. गर्प्समध्ये कमी पडलेलं चांगलं ना? मग +५ कुठे मिळवायचे?

देवचार

बरोबर पकडलंस. गर्प्समध्ये कौशल्याचा आकडा असतो आणि तीन फाशांची बेरीज त्याच्याएवढी किंवा खाली यायला लागते. कौशल्य १४ असेल तर ९०.७ टक्के, ९ असेल तर ३७.५. वरची शर्यत मी समजायला सोपी म्हणून बेरजेने मांडली. तत्त्व तेच.

शंभरातले_पासष्ट

नावावरून कळलंच असेल मी कोणत्या पक्षाचा ते.

फेरीबोट, तुझ्या चौघांपैकी दोघांना नियम वाचायचा कंटाळा आहे असं मागच्या धाग्यात तू म्हणाली होतीस. अशा माणसाला "२डी६ अधिक दोन" सांगितलं की तो छताकडे बघतो. "होडी ६५", म्हणजे शंभरात ६५ किंवा खाली पडलं की जमलं, असं सांगितलं की त्याला आणखी काही सांगावं लागत नाही. रनक्वेस्ट १९७८चा, कॉल ऑफ क्थुलू १९८१चा, आणि कॅरेक्टर शीट नुसतं वाचून हा माणूस कोण आहे ते अजूनही कळतं. होडी ६५, पोहणे ७०, खोटं बोलणे १५. झाला की माणूस उभा.

कॉल ऑफ क्थुलूच्या सातव्या आवृत्तीत अवघड कामाला निम्मा आकडा लागतो, फारच अवघड असेल तर पाचवा हिस्सा. ६५चे ३२ आणि १३. शीटवर आधीच लिहून ठेवायचे, टेबलावर भागाकार नाही. परिस्थिती अनुकूल असली तर दशकाचे दोन फासे टाकून बरा तो घ्यायचा.

आणि सगळ्यात गोड भाग प्रगतीचा. जे कौशल्य वापरून यश मिळालं त्याच्यापुढे खूण करायची. नंतर परत टक्के टाकायचे आणि यावेळी आपल्या आकड्याच्या *वर* पडले तर कौशल्य वाढतं. म्हणजे कारकून होडी चालवायला भराभर शिकतो आणि होडेकार हळूहळू. लेव्हलबिव्हल काही नाही. तुझ्या कॅम्पेनला हे चपखल आहे, कारण तस्करीत माणसं कामातूनच शिकतात.

खाजनवाला

टक्केवाल्यांना एक विचारतो. ६५ची होडी खाडीत अपयशी झाली. पुढे काय?

शंभरातले_पासष्ट

रोल पुश करायचा. म्हणजे खेळाडूने सांगायचं की मी आता वेगळं काय करतोय, जीएमने (खेळ चालवणाऱ्याने) आधीच बजावायचं की परत फसलास तर परिणाम वाईट होतील, आणि मग दुसरा रोल. सातव्या आवृत्तीत आहे ते. "काहीच झालं नाही, पुढचा बोला" हा प्रकार त्यात चालत नाही.

गणित_गुंता

देवचार यांचे आकडे बरोबर आहेत, पण ते अर्धंच सांगतायत. घंटेच्या आकाराचा वक्र मधल्या भागात फार चढा असतो. कौशल्य १० वरून ११ झालं की यश ५० वरून ६२.५ टक्के. १५ वरून १६ झालं की ९५.४ वरून ९८.१. म्हणजे मधल्या माणसाला एक गुण सोन्यासारखा आणि वरच्याला तोच गुण जवळजवळ फुकट गेलेला.

आता रात्र, भरती, गळकी होडी असं सगळं धरून −४ लावा. गर्प्समधला तुमचा १४चा होडेकार १०वर आला: ९०.७ वरून थेट ५०. कारकून ९ वरून ५वर: ३७.५ वरून ४.६. डी२०वर तोच −४ होडेकाराला ६५ वरून ४५ वर आणतो, कारकुनाला २५ वरून ५ वर. कारकून दोन्हीकडे सारखाच बुडाला. होडेकार मात्र ३डी६मध्ये जास्त आपटला. ज्यांना ३डी६ घ्यायचेत त्यांनी डी२०च्या सवयीने −४, −५ वाटत सुटू नये, एवढंच.

पण माझा खरा मुद्दा हा नाही. फेरीबोट, त्या चाचणीच्या सीनमध्ये तुम्ही किती रोल मागितले?

फेरीबोट

होडी पाण्यात ढकलताना आवाज होतो का, एक. खाडीत पहारेकऱ्यांची बोट दिसली तेव्हा लपायचा, एक. प्रवाहातून काढायचा, एक. पलीकडच्या काठावर कुत्रा होता, त्याचा एक. कुत्रा मीच घातला, मला कुत्रे आवडतात.

गणित_गुंता

कुत्र्याने घात केला, फाशाने नाही.

प्रत्येक रोल ६५ टक्क्यांचा धरला आणि चारही जिंकावे लागत असतील, तर सगळं निभावण्याची शक्यता ०.६५ चार वेळा गुणून १८ टक्के. दोनच रोल असते तर ४२. डी२० असो, टक्के असोत, ६५ म्हणजे ६५, हा गुणाकार सगळीकडे तोच. होडेकार खेळणाऱ्याला वाटतं की आपण तीनातून दोनदा जिंकतो. प्रत्यक्षात पाच रात्रींत एक रात्रही धड जात नाही. जीएमला वाटतं आपण ताण वाढवतोय. वाढतं ते अपयश.

म्हणून कुठला फासा हे ठरवण्याआधी एका खाडीला किती रोल ते ठरवा. माझ्या पाहण्यातल्या "डी२० फार बेभरवशाचा" या तक्रारींपैकी बऱ्याचशा खरं म्हणजे रोलच्या संख्येच्या तक्रारी निघतात.

देवचार

हे मान्य. पण गुणाकार ९०.७ चा केला तर चार रोलांनंतर ६८ उरतात. फासा अगदीच बिनकामाचा नाही.

गणित_गुंता

तो ९०.७ चा आहे कारण तुम्ही त्याला १४ दिलेत. डी२०वर होडेकाराला +१२ द्या, तिथेही ९० होतात.

देवचार

+१२ देतो कोण पहिल्या लेव्हलला?

गणित_गुंता

तेच म्हणतोय. भांडण फाशाशी नसून आकडे किती मोठे द्यायचे याच्याशी आहे. फाशाचा पसरटपणा आणि बोनसचा आकार यांचं गुणोत्तर बघायचं. डी२०चं प्रमाण विचलन ५.८, ३डी६चं सुमारे ३. तुमचा +५ तिथल्या जवळजवळ +१०च्या तोलाचा. पाचव्या आवृत्तीने बोनस मुद्दाम लहान ठेवलेत, म्हणून तिथे फासा माणसापेक्षा मोठा होतो. ती त्यांची निवड आहे, डी२०चा जन्मजात दोष नव्हे.

खाजनवाला

आता मला बोलू द्या, कारण तस्करी म्हटल्यावर ब्लेड्स इन द डार्क डोळ्यांसमोर न येणं कठीण आहे. मुळात टोळीच्या उद्योगांवरचाच खेळ आहे तो.

पद्धत अशी. कामाला जितके फासे तितके सहाचे टाकायचे, सगळ्यात मोठा एकच बघायचा. ६ आला तर काम फत्ते. ४-५ आला तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. १ ते ३ म्हणजे वाईट. दोन सहा आले तर क्रिटिकल. बेरीज नाही, टार्गेट नाही. मडगावच्या आमच्या टेबलावर एक नववीतली मुलगी खेळते, तिला नियम सांगायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही.

आता गंमत ऐका. जत्रेतला गडगडो आठवतो का? चिन्हांचे फासे गडगडत खाली येतात आणि आपण आपल्या चिन्हावर पैसे लावलेले असतात. समजा फासे तीन. लोकांना वाटतं तीन फासे, सहा चिन्हं, म्हणजे आपलं चिन्ह यायची शक्यता अर्धी. नाही. एकदा तरी आपलं चिन्ह दिसण्याची शक्यता २१६ पैकी ९१, म्हणजे ४२ टक्के. आणि एकदा दिसलं तर दामाएवढं, दोनदा दुप्पट, तिनदा तिप्पट असा हिशेब धरला, तर शंभर रुपये लावणारा सरासरी पावणेआठ रुपये घालवतो. त्या अर्ध्याच्या भासावर गडगडोवाल्याचं घर चालतं.

ब्लेड्समध्ये तीन फासे टाकून एक तरी ६ यायची शक्यता? तीच, २१६ पैकी ९१. फरक एवढाच की इथे उरलेल्या ५८ मधले ४५ टक्के तुझ्या हातून जात नाहीत. ते ४-५ मध्ये पडतात: होडी पलीकडे पोचते, पण घड्याळांची एक पेटी पाण्यात जाते. किंवा पोचते, पण तो कुत्रा भुंकतो. कुत्रा राहिला की नाही? आणि त्याच्यासाठी वेगळा रोलही लागला नाही.

कोरी_पाटी

हे अपोकॅलिप्स वर्ल्डसारखंच ना? मी ते एकदाच खेळलोय. दोन फासे टाकायचे, १० च्या वर पूर्ण यश, ७ ते ९ अर्धं.

खाजनवाला

हो, १० किंवा वर. २०१० सालचं, व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांचं. ब्लेड्स त्याच घराण्यातलं. तिथे +० असेल तर पूर्ण यश १७ टक्के, अर्धं ४२, अपयश ४२. +२ झालं की पहिल्या आणि शेवटच्याची नुसती अदलाबदल होते आणि मधले ४२ जागच्या जागी. म्हणजे माणूस +२ पर्यंत सुधारला तरी लफडी कमी होत नाहीत. ती फक्त अपयशाऐवजी यशाच्या शेजारी जाऊन बसतात.

देवचार

आणि प्रत्येक वेळी ते "पण" शोधायचं कोणी? जीएमने. रात्री साडेअकराला, पाव आणि पातळ भाजी खाऊन झाल्यावर, सतराव्या वेळी "होतं, पण..." सुचायला डोकं कुठून आणू? मी चालवलंय ते. दुसऱ्या तासानंतर माझे सगळे "पण" पहारेकरी होऊन यायला लागले. ३डी६वर जमलं की जमलं, फसलं की फसलं, पुढे चला.

खाजनवाला

हा आरोप खरा आहे. त्यावर माझा उपाय: खेळाडूंनाच विचारायचं. "होडी पोचली. काय गमावलंस?" होडेकार खेळणारा स्वतःवर जेवढं वाईट ओढवून घेतो तेवढं मी कधी घातलं नसतं. शिवाय ब्लेड्समध्ये घड्याळं असतात: वर्तुळाचे चार, सहा, आठ भाग, लफडं झालं की एक भाग भरायचा. सुचलं नाही तर "पोलिसांना वास लागलाय" या घड्याळाचा एक भाग भरून मोकळं व्हायचं. घड्याळं विकणाऱ्या टोळीला घड्याळंच, आणखी काय पाहिजे.

शंभरातले_पासष्ट

मूठभर फाशांच्या जुन्या पद्धतीही काही सोवळ्या नाहीत हां. व्हँपायर नावाच्या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांत दहाच्या फाशांचा पूल असायचा, १ पडला की एक यश खोडायचा, आणि खोडणारे जास्त झाले की फजिती. अडचण १० असेल, म्हणजे यशाला १०च लागत असेल, आणि एक फासा टाकला तर फजिती १० टक्के. दोन फासे टाकले तर १७. अधिक कुशल माणूस अधिक वेळा तोंडावर आपटतो! नंतरच्या आवृत्तीत दुरुस्त केलं त्यांनी.

गणित_गुंता

अशीच एक गंमत सॅव्हेज वर्ल्ड्स या खेळात आहे. तिथे फाशाचा सगळ्यात मोठा आकडा आला की परत टाकून मिळवायचं. ६ हवे असतील तर डी६वर १६.७ टक्के, पण डी४वर आधी ४ आणि मग २ किंवा वर, म्हणजे १८.७५. लहान फासा किंचित बरा. सोबतचा वाइल्ड डाय (महत्त्वाच्या पात्रांना मिळणारा जादा डी६) धरला तरी फरक राहतोच. प्रत्यक्ष खेळताना हे कोणाला जाणवत नाही, पण एकदा सांगितलं की टेबलावरचा एक जण तरी कायम डी४ मागतो.

कोरी_पाटी

थोडं अवांतर. मी ऑनलाइन डी२० मागवला, त्यावर २०च्या शेजारी १९ आणि त्याच्या शेजारी १८ आहे. हा खोटा आहे का?

देवचार

खोटा नाही, तो मोजणीचा आहे. पत्त्यांच्या खेळात गुण उतरवत जायला वापरतात, म्हणून आकडे क्रमाने. टाकायला घेऊ नकोस. मोठे आकडे सगळे एका बाजूला असल्याने हात बसलेला माणूस त्याचा फायदा घेऊ शकतो. नेहमीच्या डी२०वर २०च्या कडेला २, ८ आणि १४ असतात, आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१.

आणि फासा खरा आहे का ते बघायचं असेल तर पेल्यात थोडं पाणी घे, विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाल. आगरवाड्याचं जाडं मीठ असेल तर उत्तम, नाहीतर पिशवीतलं चालेल. अ‍ॅक्रिलिकचा फासा जेमतेम तरंगतो. टिचकी मारून फिरवत राहायचं. दर वेळी तोच आकडा वर आला तर आत बुडबुडा आहे. धातूचा बुडतो, त्याला ही परीक्षा नाही. आणि कडा झिजलेल्या असतील तर त्या यात कळत नाहीत, ते डोळ्यांनीच बघायचं.

गणित_गुंता

अवांतरात माझंही एक. आजीबरोबर चल्लस-आठ खेळलेल्यांनी वक्र लहानपणीच हाताळलाय. चार कवड्या टाकायच्या, उताण्या किती ते मोजायचं. कवडी नाण्यासारखी निम्मी-निम्मी पडते असं धरलं (तशी ती पडत नाही) तर दोन उताण्या यायची शक्यता १६ पैकी ६ आणि चारही उताण्या यायची १६ पैकी १. फेट या खेळातल्या चार फाशांचा स्वभाव असाच आहे: −४ ते +४ मधलं काहीही येऊ शकतं, पण ६३ टक्के वेळा −१, ० किंवा +१. फेरीबोट, तुमच्या यादीत फेट नाही म्हणून नुसतं सुचवून ठेवतो.

फेरीबोट

सगळं वाचलं, आणि काल होडेकार आणि कारकून खेळणाऱ्या दोघांना बसवून कागदावर मांडून पाहिलं. आकडे इथे टाकते, कोणाला उपयोग झाला तर होईल.

ब्लेड्सच्या पद्धतीत होडेकाराला तीन फासे, कारकुनाला शून्य. शून्य असले की दोन टाकून *लहान* तो घ्यायचा. कारकुनाला ४ किंवा वर मिळण्याची शक्यता बरोबर २५ टक्के निघाली, म्हणजे डी२०वर होती तेवढीच! पण त्यातलं निर्भेळ यश जेमतेम ३ टक्के, बाकी २२ टक्के नुकसान सोसून. होडेकाराचं पूर्ण अपयश ३५ वरून १२.५वर आलं. ४२ टक्के स्वच्छ, ४५ टक्के काहीतरी गमावून.

म्हणजे मला हवा होता तो फरक मिळाला, आणि कारकुनाची नशीब काढण्याची शक्यताही गेली नाही. होडेकार खेळणारा खूश आहे. कारकून खेळणारा म्हणतो मी होडीत बसणारच नाही, मी नाक्यावर शिक्के मारत बसतो, तिथे मला तीन फासे द्या. दिले.

खाडीसाठी एकच रोल ठेवणार. कुत्रा घड्याळात गेला, चार भागांच्या. टक्क्यांमधली खुणेने शिकण्याची युक्ती मला सोडवत नाही, ती कशी जोडायची ते अजून सुचलेलं नाही.

शंभरातले_पासष्ट

१ ते ३ पडून वाईट झालं की त्या कामापुढे खूण. सेशन संपल्यावर एक फासा टाक, आता त्या कामाला जितके फासे आहेत त्यापेक्षा जास्त पडला तर एक फासा वाढव. शून्यवाला नक्की वाढतो, तीनवाला निम्म्या वेळा. चारवर थांब.

गणित_गुंता

प्रत्येक सेशनला शून्यवाला नक्की वाढणार असेल तर कारकून चवथीपासून दिवाळीपर्यंत होडेकार होईल. एका सेशनला एकच खूण ठेवा, कुठली ते खेळाडूने निवडायचं.

फेरीबोट

हे घेतलं. पुढच्या शनिवारपासून सुरू.

कोरी_पाटी

म्हापशाहून येणाऱ्याला जागा आहे का? तो मोजणीचा डी२० घरी ठेवून येतो.

फेरीबोट

एक जागा आहे. घड्याळजी खेळणारा परीक्षेमुळे नाताळपर्यंत यायचा नाही. सहाचे तीन फासे घेऊन ये, शीट मी छापून ठेवते.